न मागितलेल्या सेवेचे पैसे: फोनच्या बिलाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

फोनचं बिल आलं की बहुतेक घरांत दोनच गोष्टी पाहिल्या जातात: एकूण रक्कम आणि भरायची शेवटची तारीख. रक्कम नेहमीपेक्षा थोडी जास्त असली तर 'या महिन्यात बोलणं जास्त झालं असेल' म्हणून विषय संपतो. पण मासिक भाडं, कॉल आणि जीएसटी यांच्या गर्दीत कधी कधी 'व्हीएएस', म्हणजे मूल्यवर्धित सेवा, अशी एक ओळ असते. कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचा स्कोअर, गेम, विनोद, आरोग्याच्या टिपा असं बरंच काही त्या एका ओळीत मावतं. यातल्या अनेक सेवा फोन कंपनीच्या नसतातच. त्या तिसऱ्याच कंपनीच्या असतात, फोन कंपनी त्यांचे पैसे आपल्याकडून वसूल करून देते. प्रीपेडवाल्यांना तर ही ओळही दिसत नाही. त्यांचा बॅलन्स परस्पर कटतो.

रक्कम मुद्दामच लहान ठेवलेली असते. तीस-चाळीस रुपयांसाठी कोण भांडत बसणार, या हिशेबावरच हा धंदा चालतो. थेंबे थेंबे तळे साचे हे खरंच, पण तळं त्यांचं साचतं. भांडायला गेलेला ग्राहकही पुष्कळदा अर्ध्या वाटेवरून परततो, कारण नियम काय आहेत याबद्दल त्याच्या मनात काही पक्के गैरसमज असतात. ते एकेक करून पाहू.

गैरसमज १: बिलात आलंय म्हणजे आपल्याकडूनच कुठेतरी बटण दाबलं गेलं असणार. आता काय बोलणार?

वस्तुस्थिती: एकदा बटण दाबलं जाणं पुरेसं नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै २०१३ मध्ये फोन कंपन्यांना आदेश देऊन दुहेरी संमती सक्तीची केली. ग्राहकाने सेवा मागितली तरी तिचं नाव, किंमत आणि मुदत सांगून फोन कंपनीने आपल्या स्वतंत्र यंत्रणेतून त्याला पुन्हा विचारायचं. दुसऱ्यांदा स्पष्ट 'हो' आला तरच सेवा सुरू करायची आणि पैसे लावायचे.

हा नियम का आला, ते पडद्यावर काय घडतं ते पाहिलं की कळतं. आजोबा फोन लावायला जातात, तेवढ्यात स्क्रीनवर एक चौकट उगवते: 'आजचं तुमचं भविष्य जाणून घ्या'. खाली दोन बटणं, 'ओके' आणि 'कॅन्सल'. चष्मा शेजारच्या खोलीत असतो. चौकट घालवायची म्हणून आजोबा पहिलं सापडेल ते बटण दाबतात. मोबाइलवर गेम खेळणाऱ्या नातवाचंही तेच होतं. २०१३ पूर्वी असल्या एका दाबण्याला होकार समजलं जाई. आता तो होकार अपुरा आहे. म्हणून 'माझ्याकडून चुकून दाबलं गेलं असेल' असं ओशाळून सुरुवात करू नका. 'दोन्ही वेळच्या संमतीची नोंद दाखवा' असं म्हणा. संपूर्ण वादात कळीचा मुद्दा हाच आहे. संमती घ्यायची जबाबदारी कंपनीची, तेव्हा ती घेतल्याचं दाखवणंही तिच्याकडेच येतं.

गैरसमज २: पैसे दुसऱ्याच कंपनीने घेतलेत, फोन कंपनी काय करणार?

वस्तुस्थिती: कस्टमर केअरवर हे वाक्य ऐकवलं जातं आणि ग्राहक गप्प बसतो. पण व्यवहार कसा आहे? सेवा बनवणारी कंपनी, मध्ये कधी कधी एखादा मध्यस्थ आणि शेवटी फोन कंपनी अशी ही साखळी असते. आपल्याकडून आलेले पैसे त्या साखळीत वाटले जातात आणि त्यात फोन कंपनीचाही वाटा असतो. वाण्याने यादीत नसलेला पुडा पिशवीत घालून त्याचे पैसे खात्यावर मांडले, तर पुडा कोणत्या कारखान्यातून आला याच्याशी आपल्याला काय करायचं? आपला करार फोन कंपनीशी आहे, बिल तिचं आहे, आणि ट्रायचा आदेशही तिलाच बांधून आहे. त्या तिसऱ्या कंपनीचा पत्ता शोधत बसू नका.

गैरसमज ३: डीएनडी केलंय, म्हणजे असल्या सेवा लागणारच नाहीत.

वस्तुस्थिती: १९०९ वर नोंदवलेलं डीएनडी जाहिरातींचे फोन आणि मेसेज रोखण्यासाठी आहे. सुरू झालेली सेवा त्याने बंद होत नाही. त्यासाठी १५५२२३ हा वेगळा टोल-फ्री क्रमांक आहे आणि तो सगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना चालतो. त्यावर फोन करून किंवा 'स्टॉप' असा मेसेज पाठवून आपल्या क्रमांकावरच्या सेवा बंद करता येतात. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये हा क्रमांक नावाने सेव्ह करून ठेवावा.

गैरसमज ४: अनलिमिटेड पॅक आहे, वेगळं काही कापलं जाणारच नाही.

वस्तुस्थिती: अनलिमिटेड म्हणजे साधे कॉल, साधे मेसेज आणि ठरलेला डेटा. स्पर्धेसाठी किंवा मतदानासाठी पाठवायचे मेसेज, विशेष क्रमांक आणि परदेशी कॉल बहुधा त्याबाहेर असतात. अनोळखी परदेशी क्रमांकावरून एक रिंग येऊन फोन बंद झाला, तर उलट फोन लावू नये तो याचसाठी. तो कॉल आपल्या खर्चाने जातो.

महाग मेसेजचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण 'कौन बनेगा करोडपती'चं आहे. २००७ च्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही स्पर्धा होती आणि तिच्या एका मेसेजला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षिसाचा खर्च या मेसेजच्या पैशांतूनच निघतो, अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे गेली. आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला एक कोटी रुपये भरायला सांगितले. बक्षिसाचे पैसे मेसेजमधूनच आले याला पुरावा नाही म्हणून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. खटल्यात हार-जीत कोणाचीही झालेली असो, घरातून गेलेला असा प्रत्येक मेसेज साध्या मेसेजच्या दरात धरला जात नाही, एवढं त्यातून ध्यानात ठेवावं.

गैरसमज ५: प्रीपेडला बिलच नसतं, मग दाद कशाच्या आधारावर मागायची?

वस्तुस्थिती: प्रीपेड ग्राहकालाही तपशीलवार हिशेब मागता येतो. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशील कंपनीने मागणीनंतर ३० दिवसांत द्यायचा असतो आणि त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. शिवाय पैसे कापल्याचे आणि सेवा सुरू झाल्याचे मेसेज हाही पुरावा आहे. इनबॉक्स साफ करण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट घ्या.

गैरसमज ६: सेवा बंद केली, अ‍ॅप काढून टाकलं, प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: फोनमधून अ‍ॅप काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती ज्या स्टोअरमधून किंवा कंपनीकडून सुरू झाली, तिथे जाऊन रद्द करावी लागते. प्ले स्टोअरमधली खरेदी फोनच्या बिलात जोडलेली असेल, तर परताव्याची विनंती त्या स्टोअरकडेही करावी.

दुसरी गोष्ट, सेवा बंद होणं आणि पैसे परत मिळणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत. फोनवरची व्यक्ती 'सर, सेवा डिअ‍ॅक्टिव्हेट केली आहे, आणखी काही मदत?' असं विचारते आणि आपण आभार मानून मोकळे होतो. परताव्याचा विषय तिथेच मरतो. बंद करायला सांगतानाच, पहिल्या दिवसापासूनचे पैसे परत हवेत हेही सांगा. दर आठवड्याला किंवा महिन्याला आपोआप नूतनीकरण होणारी सेवा असेल, तर मागची बिलंही उघडून पाहा. चालू महिन्याचे तीस रुपये दिसतात, आधीच्या वर्षभराचे दिसत नाहीत.

गैरसमज ७: सगळं बिल अडवून धरलं की कंपनी ताळ्यावर येते.

वस्तुस्थिती: यात नुकसान आपलंच होण्याचा संभव जास्त. विलंब शुल्क लागतं, सेवा तोडली जाते आणि मूळ तक्रार बाजूला राहून आपणच थकबाकीदार ठरतो. वादातली रक्कम वगळून बाकीचं बिल वेळेत भरावं आणि तसं लेखी कळवावं. अर्धवट भरणं शक्य नसेल तर पूर्ण भरा, पण 'हक्क राखून, तक्रारीसह' असा ईमेल त्याच दिवशी पाठवा. पैसे भरले म्हणजे आकारणी मान्य केली, असा अर्थ मग निघत नाही.

गैरसमज ८: थेट ट्रायकडे तक्रार ठोकायची.

वस्तुस्थिती: ट्राय नियम करतं, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनी दोन पायऱ्या आखून दिल्या आहेत आणि दोन्ही कंपनीच्याच आत आहेत. पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र. तिथे तक्रार नोंदली की तिचा क्रमांक मिळालाच पाहिजे. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर ३० दिवसांच्या आत अपिलीय प्राधिकरणाकडे जायचं. हे अपील फुकट असतं. अपिलावर सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचाही एक प्रतिनिधी असतो, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. कस्टमर केअरवर रोज नव्या माणसाला तीच कहाणी सांगण्यात लोकांचा दम निघतो, पण अपिलाची पायरी आहे हेच अनेकांच्या गावी नसतं.

गैरसमज ९: ग्राहक आयोग फोनच्या बिलाची तक्रार घेत नाही.

वस्तुस्थिती: हा गैरसमज निराधार नाही, तो शिळा झाला आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने, टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद असल्यामुळे फोनच्या बिलांचे वाद ग्राहक मंचांपुढे चालणार नाहीत, असं म्हटलं होतं. त्या निकालाकडे बोट दाखवून कंपन्यांनी कित्येक वर्षं हात झटकले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच एका मोबाइल कंपनीचं अपील फेटाळताना सांगितलं की ग्राहक मंचाचा दरवाजा बंद नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

जिल्हा आयोगात जायला वकील लागतोच असं नाही. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि कंपनीचं मुख्यालय कुठेही असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. चाळीस रुपयांसाठी कोणी आयोगात जात नाही हे कंपनीलाही ठाऊक असतं. पण नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च मागता येतो, तेव्हा हिशेब चाळीस रुपयांपाशी थांबत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनाही मार्गदर्शन करतात.

गैरसमज १०: असली लबाडी आपल्याकडेच चालते.

वस्तुस्थिती: अमेरिकेत हा प्रकार घरच्या लँडलाइनवर कितीतरी आधीपासून चालत होता. १९८४ मध्ये एटी अँड टी कंपनीची मक्तेदारी मोडली. स्थानिक फोन कंपनी आणि लांब पल्ल्याच्या कॉलची कंपनी वेगळ्या झाल्या, आणि एकाच्या बिलात दुसऱ्याचे पैसे लावायची सोय झाली. त्याच फटीतून व्हॉइसमेल, वेबसाइट, कसल्याशा क्लबची वर्गणी असे भलतेच आकार आत शिरले. सिनेटच्या समितीने २०११ मध्ये चौकशी केली, तेव्हा लँडलाइनच्या बिलांवरची ही उलाढाल वर्षाला सुमारे दोन अब्ज डॉलर असल्याचं समोर आलं. २०१२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी असे बहुतेक आकार घेणं थांबवलं. मग तोच खेळ मोबाइलवर आला, आणि २०१४ मध्ये एटी अँड टी आणि टी-मोबाइल या कंपन्यांना कोट्यवधी डॉलरच्या तडजोडी कराव्या लागल्या. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांनी आपल्या फोन कंपनीला 'थर्ड पार्टी आकार ब्लॉक करा' एवढं सांगून ठेवावं.

तक्रार कशी लिहावी?

लांबलचक कैफियत नको. एवढा मजकूर पुरतो:

'माझ्या अमुक क्रमांकावर अमुक तारखेपासून अमुक सेवा सुरू करून आजवर एकूण इतके रुपये आकारले आहेत. या सेवेला मी संमती दिलेली नाही. संमती घेतली असल्यास दोन्ही वेळच्या संमतीची तारीख, वेळ आणि माध्यम यांसह नोंद द्यावी. नोंद नसल्यास सेवा सुरू झाल्यापासूनची सर्व रक्कम परत करावी आणि माझ्या लेखी मागणीशिवाय यापुढे कोणतीही मूल्यवर्धित सेवा सुरू करू नये.'

सोबत बिलाचं ते पान किंवा मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा. हीच तक्रार फोनवरून करत असाल, तर तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. अपील असो वा आयोग, पहिल्यांदा तोच क्रमांक विचारतात.