‘#नेम?’ : यंत्रास नांवाची ओळख न पटणें

सहकारी सोसायट्यांचे हिशेब आतां बहुतेक ठिकाणीं संगणकावर गेले आहेत. ‘एक्सेल’च्या तक्त्यांत एकाद्या रकान्यांत रकमेच्या जागीं ‘#नेम?’ अशीं अक्षरें उमटलीं, म्हणजे हिशेब बुडाला अशी पुष्कळांची समजूत होते. ती आमचीही होती.

गेल्या हंगामांत आमच्या सोसायटीस सोयाबीन-विक्रीचे धनादेश सभासदांस द्यावयाचे होते. आदल्या सायंकाळीं नव्या संगणकावर तक्ता उघडला, तों आंकडे जागच्या जागीं. परंतु ‘अक्षरी रुपये’ या रकान्यांत वरपासून खालपर्यंत ‘#नेम?’. चिटणीसांनीं आम्हांस, जुने महसुली कारकून म्हणून, अक्षरी रकमा हातानें लिहावयास बसविलें. रात्रीं अकराच्या सुमारास एका सभासदाच्या सत्तर हजारांचे आम्हीं सतरा हजार केले. परक्राम्य संलेख अधिनियम (१८८१), कलम १८ प्रमाणें आंकडा व अक्षर यांत फरक पडल्यास अक्षरी रक्कमच खरी धरली जाते. आमचा हात तेथेंच थांबला.

मग मूळ दोष शोधूं लागलों. ‘#नेम?’ याचा अर्थ बेरीज चुकली असा नव्हे. सूत्रांतील नांव यंत्रास ठाऊक नाहीं, इतकाच आहे. तेव्हां हें नांव कोणाच्या घरचें, हा पहिला प्रश्न. एक्सेलच्या घरचें असेल तर तें इंग्रजी लहान लिपींत टाइप करून पाहावें. ओळख पटल्यास यंत्र आपण होऊन तें मोठ्या लिपींत करतें. तसें न झाल्यास स्पेलिंग चुकलें, किंवा एक्सेलची आवृत्ति जुनी. ‘एक्सलुकअप’ हें फंक्शन २०१६ व २०१९ च्या आवृत्त्यांत नाहीं, २०२१ च्या आवृत्तींत आहे. फसवणूक अशी, कीं जुन्या यंत्रावरही आधींचें उत्तर प्रथम दिसत राहतें. पुन्हां हिशेब झाला म्हणजे तें जातें. तेथें ‘व्हीलुकअप’ वापरावें. शब्दाभोंवतीं अवतरणचिन्हें राहिलीं तरी हाच दोष उद्भवतो.

आमचें नांव मात्र घरचें नव्हतें. थायलंडच्या बाहत नाण्याची रक्कम अक्षरी लिहिणारें फंक्शन एक्सेलमध्यें आहे; रुपयांकरितां नाहीं! म्हणून एका तरुणानें मॅक्रोच्या रूपानें तें लिहून दिलें होतें. तक्ता नेतांना कारकुनानें तो ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारांत जतन केला, आणि त्या प्रकारांत मॅक्रो राहत नाहीं. यंत्रानें तशी सूचना दिली होती. ती न वाचतां ‘होय’ दाबलें गेलें. टपालानें आलेल्या फाइलींतील मॅक्रो २०२२ पासून मायक्रोसॉफ्ट आपण होऊन अडवितें. तो अडसर लिहिणारा ओळखीचा असेल तरच काढावा.

मोठ्या संस्थांच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’वरही असाच घोळ होतो. आपण रचलेल्या, एकच उत्तर देणाऱ्या फंक्शनास तेथें ‘डीबीओ’सारखें घराण्याचें नांव जोडून हांक मारावी लागते, नुसतें ‘पाटील’ म्हटल्यास कोणत्या गांवचे, हें दप्तरास कळत नाहीं तसेंच हें.

कोणी ‘इफएरर’ लावून दोष झांकण्याचा सल्ला देतात. रकान्यास बुरखा घालण्यापेक्षां ‘#नेम?’ दिसलेलें आम्हांस बरें वाटतें.

जुन्या संगणकांत मूळ फाइल सांपडली. ती ‘एक्सएलएसएम’ प्रकारांत आणतांच सर्व अक्षरें उमटलीं. सतरा हजारांच्या धनादेशावर ‘रद्द’ असा शेरा मारून आम्हीं तो दप्तरास लाविला.