चौकट : पट घटला, पद गेले

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातले नाचणगाव पुलगावला लागूनच. जिल्हा परिषदेच्या शाळेला किती गुरुजी मिळणार, हे गाव ठरवत नाही, संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याची सरकारी पद्धत) ठरवते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (२००९) पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानुसार मात्र सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की तिथे शिक्षकाचे पदच मंजूर होत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘समूह शाळां’चे, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत मुले सुमारे १ लाख ८५ हजार. शाळा दूर गेली तर यातल्या किती मुली रोज तेवढी वाट तुडवतील?

पद मंजूर झाले तरी नवा शिक्षक पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ असतो. प्राथमिकला मानधन १६,००० रुपये, तेही जानेवारी २०२३ पासून, आधी ६,०००. एवढ्यात घरभाडे भागवून तो मुलांना शिकवतो, हे विसरू नये.

पैशाचा प्रश्न वर्ध्याला जुनाच आहे. दारूबंदीने अबकारीचा महसूल बुडणार, मग शाळा कशावर चालवायच्या, या विचारातूनही गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेत स्वावलंबी ‘नई तालीम’, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण, मांडली. शाळा कमी करणे हा पर्याय त्यात नव्हता.