जलसाठ्याचा तक्ता आणि सूत्रांतील स्थिर संदर्भ

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. गोदावरीस मिळणाऱ्या या नदीवर वरच्या अंगास, परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, येलदरीचे धरण आहे. ही दोन्ही धरणे १९६८ च्या सुमारास पूर्ण झाली. येलदरी येथे वीजनिर्मितीनंतर नदीत सोडलेले पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात येते आणि तेथून कालव्यांवाटे हिंगोली, परभणी व नांदेड जिल्ह्यांतील शेतीस मिळते. हिंगोली शहराचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठाही याच जलाशयावर अवलंबून आहे.

पावसाळा संपत आला की या भागातील शेतकरी एकच प्रश्न विचारतो, "धरणात किती टक्के पाणी आहे?" १५ ऑक्टोबरचा साठा पाहून रब्बी व उन्हाळी हंगामाचे पाण्याचे नियोजन केले जाते. कालवा सल्लागार समितीत किती पाणीपाळ्या द्यावयाच्या याचा विचार होतो, आणि त्यावर गहू पेरावा की हरभऱ्यावर भागवावे हे घरोघरी ठरते. म्हणून टक्केवारीचा हा आकडा बिनचूक असणे अत्यंत महत्त्वाचे आहे. हा आकडा आता बहुधा संगणकावरील तक्त्यातून निघतो. तेथे सूत्रातील एका लहानशा खुणेचा विसर पडला, तर आकडा कसा फसवा होतो आणि ती खूण योग्य जागी दिल्यास काम किती सोपे होते, याची माहिती कार्यालयांत, शाळांत व ग्रामपंचायतींत तक्ते ठेवणाऱ्या प्रत्येकास असणे इष्ट आहे.

चौकटीचा पत्ता

संगणकावरील तक्ता हा आडव्या ओळी व उभे रकाने यांचा बनलेला असतो. ओळींना क्रमांक असतात, तर रकान्यांना ए, बी, सी अशी अक्षरे असतात. बी या रकान्यातील चौथ्या ओळीच्या चौकटीचा पत्ता 'बी४' असा होतो. या चौकटीलाच सेल म्हणतात.

सिद्धेश्वर जलाशयाचा पूर्ण उपयुक्त साठा ८०.९६ दशलक्ष घनमीटर आहे. हा आकडा तक्त्याच्या शिरोभागी बी१ या चौकटीत लिहिला. तिसऱ्या ओळीत मथळे दिले. चौथ्या ओळीपासून ए रकान्यात दिनांक, बी रकान्यात त्या दिवसाचा उपयुक्त साठा आणि सी रकान्यात टक्केवारी घ्यावयाची ठरविली, असे समजू. पुढील दैनंदिन आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. पहिल्या दिवशी साठा ४०.४८, दुसऱ्या दिवशी ३९.९५, तिसऱ्या दिवशी ३९.४० आणि चौथ्या दिवशी ३८.८६ दशलक्ष घनमीटर.

सी४ मध्ये सूत्र लिहिले : =बी४/बी१*१००. उत्तर ५० टक्के आले. ते बरोबर आहे. हेच सूत्र खालच्या ओळींत उतरविले की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात घोटाळ्याला सुरुवात येथूनच होते.

चूक कशी घडते

सूत्राची नक्कल करताना संगणक पत्त्यांकडे अंतर म्हणून पाहतो. सी४ मधील सूत्रात 'बी४' याचा अर्थ तो "माझ्या डाव्या हाताची चौकट" असा घेतो, तर 'बी१' याचा अर्थ "डावीकडच्या रकान्यात माझ्या तीन ओळी वर असलेली चौकट" असा घेतो. गावात वाट विचारणाऱ्यास "येथून पुढचे तिसरे घर" असे सांगितले तर तो जेथे उभा असेल तेथून मोजू लागेल. जागा बदलली की घरही बदलेल. अशा पत्त्यास सापेक्ष संदर्भ म्हणतात.

त्यामुळे सूत्र सी५ मध्ये उतरविताच ते =बी५/बी२*१०० असे होते. बी२ रिकामी असल्याने तेथे शून्याने भागाकार झाल्याची खूण उमटते. सी६ मध्ये भाजक बी३ होतो. तेथे मथळ्याची अक्षरे असल्याने पुन्हा चुकीची खूण येते. या दोन्ही चुका डोळ्यांस दिसतात, म्हणून त्या घातक नाहीत. खरी भीती सी७ ची आहे. तेथे सूत्र =बी७/बी४*१०० असे होते, म्हणजे चौथ्या दिवसाचा साठा पहिल्या दिवसाच्या साठ्याने भागला जातो. ३८.८६ भागिले ४०.४८ याचे उत्तर ९६ टक्के येते. खरी टक्केवारी मात्र ४८ आहे.

येथे संगणक कोणतीही तक्रार करीत नाही. आकडा शंभराच्या आत असतो व दिसावयासही समाधानकारक असतो. पुढच्या प्रत्येक ओळीत आजचा साठा तीन दिवसांपूर्वीच्या साठ्याने भागला जाईल. पाणी रोज थोडेथोडेच उतरत असल्याने उत्तर सतत शंभराच्या आसपास राहील. जलाशय तळाला जात असतानाही तक्ता तो भरलेलाच दाखवील.

डॉलरच्या खुणेचे काम

यावरचा उपाय सोपा आहे. जी चौकट हलावयाची नाही, तिच्या पत्त्यातील रकान्याच्या अक्षरापूर्वी व ओळीच्या क्रमांकापूर्वी $ ही खूण द्यावयाची. सूत्र =बी४/$बी$१*१०० असे लिहिले की नक्कल कोठेही उतरविली तरी भाजक बी१ हाच राहतो. सातव्या ओळीत ते =बी७/$बी$१*१०० होते व उत्तर ४८ येते. यास स्थिर संदर्भ म्हणतात. "पुढचे तिसरे घर" असे न सांगता "घर क्रमांक सत्तावीस" असे सांगण्यासारखे हे आहे. या खुणेचा चलनाशी काहीही संबंध नाही. एक्सेलमध्ये सूत्र लिहिताना पत्त्यावर असता एफ४ ही कळ दाबली की खुणा आपोआप उमटतात. पुनःपुन्हा दाबल्यास $बी$१, बी$१, $बी१ व बी१ अशी चारही रूपे क्रमाने येतात.

अशा तक्त्यांची कल्पना वैयक्तिक संगणकावर प्रथम १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिजिकॅल्क या कार्यक्रमाने रूढ केली. त्यात सूत्राची नक्कल करताना प्रत्येक पत्त्याबाबत तो बदलावा की तसाच ठेवावा, असे विचारले जाई. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ व १९८५ मध्ये एक्सेल आले. त्यांत हा निर्णय सूत्रातच खुणेने नोंदविण्याची पद्धत आहे. म्हणजे विचारण्याचे काम संगणकाने सोडले असून ठरविण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर आली आहे.

दोन धरणांचा एक तक्ता

सर्वच पत्त्यांना दोन्ही खुणा द्याव्यात असा मात्र याचा अर्थ नव्हे. येलदरीचा पूर्ण उपयुक्त साठा ८०९.७७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सिद्धेश्वरच्या सुमारे दसपट आहे. दोन्ही जलाशयांचा एकच तक्ता करावयाचा झाल्यास बी१ मध्ये येलदरीची व सी१ मध्ये सिद्धेश्वरची क्षमता, त्यांखाली त्या त्या जलाशयाचा दैनंदिन साठा आणि डी व ई रकान्यांत टक्केवारी अशी मांडणी करता येईल.

डी४ मध्ये =बी४/$बी$१*१०० असे लिहून ते उजवीकडे उतरविले, तर सिद्धेश्वरचा साठाही येलदरीच्या क्षमतेने भागला जाईल. ४०.४८ भागिले ८०९.७७ म्हणजे अवघे ५ टक्के. निम्मा भरलेला जलाशय कोरडा पडल्यासारखा दिसेल. येथे ओळ स्थिर हवी, परंतु रकाना मोकळा हवा. म्हणून सूत्र =बी४/बी$१*१०० असे लिहावे. खाली उतरविताना पहिली ओळ कायम राहते आणि उजवीकडे नेताच बी च्या जागी सी येतो. यास मिश्र संदर्भ म्हणतात. नक्कल कोणत्या दिशेने जाणार आणि त्या दिशेने काय बदलू नये, एवढा विचार केला की खूण कोठे द्यावयाची हे आपोआप ठरते.

ग्रामपंचायत व शाळा

हीच रीत इतरत्रही लागू पडते. महाराष्ट्र ग्रामपंचायत कर व फी नियम, १९६० यांत २०१५ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार घरपट्टीची आकारणी भांडवली मूल्यावर होते. एकाच प्रकारच्या घरांची यादी करून दर हजारी करदर बी१ मध्ये व मूल्ये सी रकान्यात घेतली, तर सूत्र =सी४*$बी$१/१००० असे होईल. खूण राहून गेल्यास पहिल्या घराची आकारणी बरोबर व पुढच्यांची चूक, असा प्रकार घडेल आणि ती चूक नमुना ८ च्या नोंदवहीत उतरली तर ग्रामस्थांच्या रास्त तक्रारींना तोंड द्यावे लागेल. शाळेच्या गुणपत्रकात प्रत्येक विषयाचे कमाल गुण वरच्या ओळीत असतात. तेथे दोन धरणांच्या तक्त्याप्रमाणे मिश्र संदर्भ वापरावा. हजेरीच्या टक्केवारीत महिन्याचे कामाचे दिवस एका चौकटीत ठेवून तिचा पत्ता स्थिर करावा.

घ्यावयाची काळजी

क्षमता किंवा दर हा आकडा थेट सूत्रात लिहिला तर ही भानगडच उरत नाही, असे काहींना वाटेल. परंतु तसे केल्यास आकडा बदलताच प्रत्येक सूत्र शोधून दुरुस्त करावे लागते, आणि तो आकडा कोठून आला हेही तपासणाऱ्यास कळत नाही. एका चौकटीत ठेवल्यास तो सर्वांस दिसतो व एकदाच बदलावा लागतो.

याच सोयीत एक धोकाही आहे. गाळाच्या सर्वेक्षणानंतर जलाशयाची क्षमता सुधारली गेली किंवा करदर बदलला आणि जुन्याच तक्त्यात नवा आकडा भरला, तर मागील सर्व ओळींची उत्तरेही बदलतात. यास्तव प्रत्येक वर्षाचा तक्ता स्वतंत्र ठेवावा आणि आकड्याशेजारी तो कोणत्या दिनांकापासून लागू आहे हे लिहावे. वरच्या बाजूस नवी ओळ घातल्यास $बी$१ चे $बी$२ होते; हा दोष नव्हे, कारण आकडा जेथे सरकला तेथे पत्ताही त्याच्या मागे जातो.

तक्ता पूर्ण झाल्यावर पहिली ओळ न तपासता शेवटची तपासावी, कारण पहिल्या ओळीत हा दोष कधीच दिसत नाही. शेवटच्या चौकटीतील सूत्र उघडून भाजक कोणता आहे ते पाहावे आणि तेवढे एक उत्तर कागदावर काढून ताडून घ्यावे. या तपासणीस दोन मिनिटेही लागत नाहीत. सिद्धेश्वरच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांनी पेरणीचा निर्णय खऱ्या आकड्यावर घ्यावा यासाठी तक्ता ठेवणाऱ्याने तेवढा वेळ देणे आवश्यक आहे.