हुकुमावाचून वाढणारे रक्त

लालबुंद चेहऱ्याचा माणूस दिसला की "काय तब्येत आहे!" असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. अंगात रक्त कमी पडणे हे दुखणे आपल्या ओळखीचे. रक्त फार होणे हेही दुखणे असते आणि त्याचा एक प्रकार रक्ताच्या कर्करोगांतच मोडतो, हे सहसा कोणी सांगत नाही. युनियनच्या कचेरीत पगाराच्या चिठ्ठीबरोबर रक्ततपासणीचे कागदही आमच्यापुढे येतात. हिमोग्लोबिनचा आकडा चढलेला पाहून माणूस खूश होतो. तो आकडा कोणाच्या हुकुमाने चढला, हे मात्र विचारले पाहिजे.

रक्तातील तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते. म्हणून हाडांतील मज्जेला दर सेकंदाला वीस लाखांवर नव्या पेशी घडवाव्या लागतात. किती घडवायच्या हे मज्जा आपल्या मनाने ठरवीत नाही. प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते, तोच हुकूम. हे द्रव्य इतके अल्प असते की 1977 साली शिकागो येथे ते शुद्ध करण्यात आले तेव्हा मज्जा निकामी झालेल्या जपानी रोग्यांचे 2,550 लिटर मूत्र खर्ची पडले, आणि हाती लागले ते काही मिलिग्रॅम.

गिरणीचा भोंगा साऱ्या गावाला ऐकू जाई, पण धावत सुटे तो त्या पाळीचा कामगारच. तसेच येथे. हा हुकूम रक्तातून सर्वत्र फिरतो, परंतु मज्जेतील कोवळ्या पेशींच्या अंगावर त्याला धरणारे 'ग्राही' असतात. ग्राहीचे एक टोक पेशीबाहेर, दुसरे आत. बाहेर हुकूम येऊन बसला की जोडीचे दोन ग्राही योग्य तऱ्हेने जवळ येतात आणि आतल्या टोकांना चिकटलेले 'जॅक-2' हे प्रथिन जागे होते. त्याला आपण खात्यातला मुकादम म्हणू. तो पुढे निरोप धाडतो, तो पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो. निरोपाचा मुख्य अर्थ 'मरू नकोस, वाढ' असा आहे. तो न मिळालेल्या कोवळ्या पेशी मरून जातात.

काम सुरू करण्याइतकेच ते थांबवणेही महत्त्वाचे. फिनलंडच्या एरो मँटिरांटा या खेळाडूने 1964 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये बर्फावरील शर्यतींत दोन सुवर्णपदके जिंकली. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी विलक्षण जास्त होत्या. 1993 साली कारण उमगले: त्याच्या घराण्यात ग्राहीचे आतले शेपूट 70 अमिनो आम्लांनी तोकडे होते, आणि 'पुरे' हा इशारा नेमका त्याच तुकड्यावर येऊन बसतो. परंतु हे कर्करोगाचे दुखणे नव्हे. तेथे हुकूम लागतोच. थोड्या हुकुमावर काम फार होते, इतकेच.

'पॉलिसायथिमिया व्हेरा' या रोगात मात्र हुकुमाची वाटच पाहिली जात नाही. जॅक नावामागे जानस हा रोमन लोकांचा दोन तोंडांचा देव आहे, कारण या प्रथिनाचे दोन सारखे दिसणारे भाग आहेत: एक काम करणारा, दुसरा त्याला आवरून धरणारा. 2005 साली आढळले की या रोगाच्या बहुतेक रोग्यांत आवरणाऱ्या भागातील 617 व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले असते. मुकादमाला वेसण उरत नाही. भोंगा न होताच कामाला जुंपणी होते. हा बदल सहसा वारशाने येत नाही. जन्मल्यानंतर मज्जेतील एका मूळपेशीत तो घडतो आणि तिची प्रजा वाढत जाते. शिवाय हाच मुकादम पांढऱ्या पेशींच्या आणि बिंबाणूंच्या खात्यांतही असल्यामुळे त्याही वाढू शकतात.

ही चोरी पकडण्याची एक युक्ती आम्हांला फार आवडते. रक्तातले एरिथ्रोपोएटिन मोजायचे. माल भरमसाट आणि हुकूम जवळजवळ नाही, असे दिसले की संशय मुकादमावर. धूम्रपानाने, फुप्फुसाच्या विकाराने किंवा उंच डोंगरावर राहूनही तांबड्या पेशी वाढतात, पण तेथे मुळात प्राणवायूची ओढ असते. अंघोळीनंतर अंगाला सुटणारी खाज, डोके जड होणे, चेहरा लाल होणे ही या रोगाची लक्षणे क्षुल्लक वाटतात. खरा धोका दाट रक्तात गुठळी होऊन पक्षाघात किंवा हृदयविकार ओढवण्याचा.

उपायांत पहिला अजूनही रक्त काढण्याचा आहे. जोडीला अल्प ॲस्पिरिन, आणि धोका जास्त असल्यास हायड्रॉक्सियुरियासारखे औषध. रक्तातील पेशींचे प्रमाण शेकडा 45 च्या आत ठेवलेल्या रोग्यांपेक्षा 45 ते 50 वर राहू दिलेल्यांत गुठळ्यांचे मोठे प्रकार व त्यांतून येणारे मृत्यू सुमारे चौपट झाले, असे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील प्रयोगात दिसले. रुक्सोलिटिनिब हे औषध थेट जॅकला रोखते. या रोगासाठी अमेरिकेत त्याला 2014 साली परवानगी मिळाली. परंतु बिघडलेला मुकादम आणि चांगला मुकादम यांतला भेद त्याला पुरेसा कळत नाही. ते दोघांनाही बसवून ठेवते, आणि म्हणून ज्याचे रक्त कमी करायचे त्याला कधी कधी रक्तक्षयच होतो. त्यामुळे हे औषध घेणाऱ्याला पुन्हा पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवून घ्यावी लागते.