बाइकच्या चाकाचं बॅलन्सिंग: मशीन न घेता सुरू होणारी सर्व्हिस



टायर-पंक्चरचं दुकान टाकायचं म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून मोठं मशीन असतं. आधी मशीन, त्यासाठी कर्ज, मग गिऱ्हाईक. कामणमध्ये दुकान टाकणाऱ्याला मी सांगेन, जरा थांबा. बाइकचं चाक अरुंद असतं, त्यामुळे गाडीच्या चाकासारखं ते मशीनवर जोरात फिरवून तपासायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. घराच्या ओट्यावर, विजेशिवाय, साध्या स्टँडवर काम होतं. मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं हे खरं, पण ते पैसे टायरच्या स्टॉकला ठेवा.

आता गरज कोणाला आहे ते बघू, कारण धंदा तिथेच ठरतो. समजा १७ इंची रिमच्या एका बाजूला २० ग्रॅम वजन जास्त आहे. ताशी ४० किलोमीटरला ते चाकाला साधारण ६०० ग्रॅमच्या जोराने बाहेर ओढतं. ८० ला हाच जोर जवळपास २ किलो ४०० ग्रॅम होतो. वेग दुप्पट, जोर चौपट. आणि ८० ला चाक सेकंदाला १२ च्या आसपास फेरे मारतं, म्हणजे तितके हिसके. म्हणून कामण ते वालीव गाळ्यावर जाणाऱ्या, चाळीसच्या वर न जाणाऱ्या माणसाला फरक कळणारही नाही. चिंचोटीला हायवे पकडून रोज ठाणे किंवा मनोरकडे जाणाऱ्याला मात्र कळतो. हँडलला मुंग्या येतात, टायर एका ठिकाणी जास्त झिजतो. तुमचं गिऱ्हाईक हा दुसरा माणूस. पहिल्याला 'तुम्हाला गरज नाही' असं तोंडावर सांगा. तो टायर घ्यायला तुमच्याकडेच येईल.

स्टँड बनवायला काय लागतं? जाड पट्टीच्या दोन उभ्या बाजू, प्रत्येकीवर शेजारी शेजारी दोन छोटी बेअरिंग (६०८ नंबरची चालतात), त्यांच्यावर आडवा ठेवायला एक सरळ रॉड, आणि चाक मधोमध धरायला रॉडवर सरकणारे दोन शंकू. शंकू लेथवर काढून घ्या. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत हे काम करणारे आहेत. बेअरिंगमधलं ग्रीस रॉकेलने धुऊन पातळ तेलाचा थेंब टाका. ग्रीस राहिलं तर पाच-दहा ग्रॅमला चाक दादच देत नाही. याच कारणाने बाइकचा स्वतःचा एक्सल वापरणं मला पटत नाही, कारण चाकाच्या बेअरिंगचे सील अडवतात. रॉड घेताना काचेवर गडगडवून बघा, वाकडा असेल तर लगेच उड्या मारेल.

कामाची पद्धत व्हिडिओत दाखवली आहेच. चाक काढा, ब्रेक प्लेट बाजूला करा, डिस्क तशीच ठेवा कारण ती चाकाबरोबर फिरते. रिम धुवा. पावसाळ्यात आपल्या रस्त्याचा चिखल कोपऱ्यात असा सुकून बसतो की त्याचंच वजन भरतं. चाक स्टँडवर हलकेच सोडा, जड भाग आपोआप खाली येऊन थांबेल. तिथे खडूची खूण करा. बरोबर समोर, म्हणजे वरच्या बाजूला, ५ ग्रॅमचं वजन आधी चिकटपट्टीने लावा. मग खूण बाजूला, घड्याळात तीन वाजता असते तशी धरून सोडा. खाली गेली तर अजून ५ ग्रॅम, वर आली तर वजन जास्त झालं. कुठेही सोडलं तरी चाक तिथेच राहिलं, की काम झालं. मग जागा थिनरने पुसून कायमचं वजन दाबून बसवा. स्पोकच्या चाकाला स्पोकवर अडकणारी वजनं मिळतात. वजनं शिशाची असतील तर चहाआधी पोऱ्यालाही हात धुवायला लावा.

४० ग्रॅमच्या वर वजन लागायला लागलं तर चिकटवत बसू नका. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. नवीन टायरवर पिवळा ठिपका असला तर ती त्याची हलकी बाजू, ती व्हॉल्व्हजवळ ठेवायची.

खरी कमाई आणि खरं नुकसान मात्र निदानात आहे. 'हँडल हलतं' असं म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला बॅलन्सिंग लागत नाही. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर ट्रकमागे चालताना खड्डा दिसतच नाही, आणि अलॉय दबतो. स्टँडवर चाक असतानाच रिमच्या कडेला एक तार स्थिर धरा आणि चाक फिरवा. तार आणि रिममधली फट कमी-जास्त होत असेल तर रिम आऊट आहे, वजन लावून ती सरळ होणार नाही. टायरमध्ये पंक्चर रोखणारं लिक्विड टाकलंय का हेही आधी विचारा. ते खाली जमतं, दर वेळी वेगळा भाग जड दिसतो, आणि तुमचा तास फुकट जातो. अॅक्टिव्हासारख्या स्कूटरचं मागचं चाक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं, त्याला हे शंकू जसेच्या तसे जमत नाहीत. ते काम घेऊ नका.

हिशेब उदाहरण म्हणून मांडतो, आकडे आपल्या भागाप्रमाणे बदला. स्टँडला २,५०० रुपये. नवीन टायर टाकताना चाक निघालेलंच असतं, म्हणून १५ मिनिटांचं काम. मजुरी तासाला ६० धरली तर १५ रुपये, वजनं १५ रुपये, दर १०० रुपये. उरले ७०. म्हणजे ३६ चाकांत स्टँड वसूल. नुसत्या बॅलन्सिंगसाठी आला तर चाक काढणं-घालणं धरून पाऊण तास, म्हणून दर २०० च्या खाली नको. माझ्या मते टायर विकताना जोडून देणं हाच यातला धंदा आहे.

चाक परत बसवताना घाई नको. एक्सलचा नट पान्याने पूर्ण घट्ट, पिन असेल तर नवी पिन, चेनचा ताण आणि दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या. डिस्क असेल तर गिऱ्हाइकाला चावी देण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबा, पहिल्या दाबाला तो पोकळ जातो. हे तपासून मग डायरीत गाडीचा नंबर आणि लावलेले ग्रॅम लिहा. पुढचा टायर टाकताना ती जुनी वजनं काढून शून्यापासून सुरुवात करायची.