चांदवडची खिंड आणि यादवांचा उदय

यादव म्हटले की देवगिरी आठवते, पण या घराण्याची पाळेमुळे चांदवडच्या डोंगरात आहेत. यादवांच्या ताम्रपटात घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार याची राजधानी म्हणून येणारे चंद्रादित्यपूर म्हणजे चांदवड, असे अभ्यासक मानतात. नवव्या शतकातल्या या सत्तेला हीच जागा का मानवली? इथली डोंगररांग गिरणा-तापीचे खोरे गोदावरीच्या खोऱ्यापासून तोडते आणि उत्तर-दक्षिण वाट चांदवडपाशी ती ओलांडते. आजचा मुंबई-आग्रा महामार्गही तिथूनच जातो. उत्तरेला प्रतिहार, पुढे माळव्याचे परमार, दक्षिणेला राष्ट्रकूट. अशा सीमेवर घाट राखणाऱ्या सरदाराची गरज सम्राटालाही भासते.

यावर कोणी म्हणेल, जागा एवढी मोक्याची होती तर दृढप्रहाराचा मुलगा सेउणचंद्र सिन्नरकडे का सरकला? कारण खिंड सत्तेला जन्म देते, पण तिचे पोट भरते ती गोदाखोऱ्याची सुपीक जमीन. आणि निव्वळ भूगोलही पुरत नाही. दुसऱ्या भिल्लमाने परमार राजा मुंजाविरुद्ध चालुक्य राजा तैलपाला साथ दिली, तरी यादव मांडलिकच राहिले. कल्याणीचे चालुक्य खिळखिळे झाले, तेव्हाच, 1187च्या सुमारास, पाचवा भिल्लम स्वतंत्र झाला. डोंगराने संधी दिली. ती कधी साधायची, हे शेजाऱ्यांच्या बळाबळाने ठरवले.