त्यांच्या धोतराची वाकळ

आमचं धारूर बालाघाटच्या डोंगरात. थंडीत वाकळ, म्हणजे गोधडी, हवीच. गेलेल्या जोडीदाराचे कपडे वाटून टाकण्याआधी एक वाकळ जरूर शिवा. धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरं, लुगडी आतल्या थरांना. फेट्याचं रंगीत टोक, सदऱ्याचा तुकडा वरच्या ठिगळांना. सदऱ्याचा खिसा तसाच ठेवा, मला तो फार मोलाचा वाटतो. थर जमिनीवर ताणून पसरा, मोठे कच्चे टाके घाला, मग काठापासून आत फेर धरत धावदोरा. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर आख्खं पुस्तक केलंय. गेलेल्यांच्या आठवणीत गोधडी तिकडेही शिवली गेली: अमेरिकेत १९८७ साली एड्सने गेलेल्यांसाठी स्मृती-गोधडी मांडली गेली. एकेक तुकडा ३ बाय ६ फूट, थडग्याएवढा. आपली वाकळ मात्र अंगावर घ्यायची. विरली की वर नवा थर चढवायचा.